अक्का जिवंत होती तोवर

"टेकलीस का?"

फोन लागला की त्यांचा पहिला प्रश्न हा. बाकीचे पालक "जेवलीस का" म्हणून सुरुवात करतात आणि "अभ्यास कर" म्हणून ठेवतात. हे गृहस्थ आधी लेकीला खाली बसायला लावायचे. ती "टेकले" म्हणाली की पलीकडून चष्म्याच्या डबीचा टप्प आवाज यायचा, मग पान उलटल्याचा. आणि ते वाचायला लागायचे.

मी लातुरात मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टर आहे. शिकवण्या सुटायच्या वेळी तुम्ही औसा रोडच्या आतल्या गल्ल्यांमधून गेला असाल, तर दप्तरं लावलेल्या मुलींच्या रांगा पाहिल्या असतील. त्यांतल्या काही आमच्या. हल्ली आठवी-नववीपासूनच मुली डॉक्टरकीच्या तयारीला येतात. मोबाइल आमच्या कपाटात जमा असतात. शिकवणी आणि जेवण यांच्या मधल्या वेळात पंधरा मिनिटांसाठी ते हातात मिळतात. व्हरांड्यात बसून घरी बोलायचं आणि परत आणून द्यायचे. माझं लक्ष असतं. तेवढ्यासाठीच मला पगार मिळतो.

ऋतुजा त्या वर्षी नववीत होती. जळकोटची. वडिलांचं तिथं बी-बियाण्यांचं आणि खताचं दुकान. आई आदल्या वर्षी नांदेडच्या दवाखान्यात वारली, एवढं मला प्रवेशाच्या वेळी कळलं होतं. मुलगी शांत होती आणि हाताला लागेल ते वाचायची. चिवडा बांधून आलेला कागदसुद्धा सरळ करून वाचल्याशिवाय टाकायची नाही. तिचा मोबाइल कानाला लावला तर ऐकू यायचं नाही, त्यामुळे ती स्पीकरवरच बोलायची. म्हणून हे सगळं आमच्या कानांवर पडलं.

पहिल्या आठवड्यात मी तिला हटकलं. "अगं, एवढी नववीतली घोडी तू. पुस्तक मागवून घे आणि वाच की. वडिलांना कशाला राबवतेस?"

फोनमधूनच उत्तर आलं. "मॅडम, वाचती की ती. तिला लई चांगलं वाचता येतंय. पण मग मी कुटं असतो त्या पुस्तकात?"

मी फोनवर कुणाशी वाद घालत नाही. पंधरा मिनिटं त्यांची होती. त्यांनी ती कशी खर्च करायची हा त्यांचा प्रश्न.

कादंबरी जुनी आणि जाडजूड होती. तिचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात त्या पुस्तकाचा काही दोष नाही. कोकणातल्या खाडीकाठचं एक घर. आईबाप नसलेलं. थोरली बहीण अक्का आणि तिनं वाढवलेला धाकटा भाऊ. होड्या, जाळी, भरती-ओहोटी. आमच्या मुलींपैकी निम्म्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. वाचणाऱ्यानंही पाहिलेला नसावा, कारण "वल्हं" हा शब्द आला की ते थांबून म्हणायचे, "म्हंजे उलथन्यासारखं असतंय बगा, मोठं."

मध्येच गिऱ्हाईक यायचं. "थांब माय." मग आम्हाला ऐकू यायचं, "ते न्हाई, ते वरच्या फळीवरचं. पाऊस बगून टाक, घाई करू नको." आणि पुन्हा, "हां. तर अक्का होडीतून उतरली."

महिन्याभरात ऋतुजाच्या बाकाभोवती मुली जमायला लागल्या. आपापल्या घरचे फोन दोन मिनिटांत उरकून यायच्या. औशाच्या एका आईनं माझ्याकडे तक्रार केली, "मॅडम, आमची पोरगी 'बरी आहे, ठेवते' एवढंच म्हणते. कुणाच्या तरी बापाची पोथी चालू असते म्हणे तिथं." मी म्हटलं, पोथी नाही, कादंबरी आहे. त्यांना त्यातला फरक महत्त्वाचा वाटला नाही.

ऐकता ऐकता मीही ऐकायला लागले. हजेरी लिहायचं काम मी व्हरांड्यात हलवलं. तिथं उजेड बरा असतो.

पावसाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. कादंबरीत अक्काला ताप भरला होता. एका संध्याकाळी वाचता वाचता ते थांबले. गिऱ्हाईक नव्हतं. नुसतेच थांबले. मग म्हणाले, "आज दुकानात लई गडबड हाय माय. उद्या." दुकानात अगदी शांत होतं. आम्हाला पंख्याची घरघर ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी अक्काचा ताप उतरला. तिसऱ्या दिवशी ती उठून कामाला लागली. मुली खूश झाल्या. मला मात्र काहीतरी खटकायला लागलं. एक तर पान उलटल्याचा आवाज येईनासा झाला. दुसरं म्हणजे, ते आधी सरळ वाचायचे, आता अडखळायला लागले आणि गंमत अशी की अडखळत असूनही गोष्ट जास्त रंगायला लागली. खाडीकाठची माणसं "लई" म्हणू लागली. गावात एक खडूस तलाठी आला. मग एका संध्याकाळी अक्का शेजारणीला तुरीवरच्या अळीचा उपाय सांगायला लागली. कोकणात तूर किती पिकते मला माहीत नाही, पण अक्का ज्या आत्मविश्वासानं फवारणी सांगत होती, त्यावरून ती जळकोटला येऊन गेली होती हे नक्की.

मी नांदेडला भाचीच्या साखरपुड्याला गेले तेव्हा दुकानात शिरून ते पुस्तक विकत घेतलं. परतीच्या प्रवासात निम्मी वाट होईपर्यंत मी हवं ते पान शोधून काढलं होतं. अक्का त्या तापातच वारली होती. तिथून पुढं निम्मं पुस्तक होतं, आणि ते सगळं धाकट्याचं होतं. बहीण गेल्यावर त्याचं घरात मन लागत नाही, तो जहाजावर नोकरी धरतो आणि निघून जातो. आमच्या व्हरांड्यात मात्र अक्का चांगली ठणठणीत होती आणि तलाठ्याशी भांडत होती.

पालकांनी भेटायचा रविवार जवळ आला होता. तोवर मी हे गृहस्थ पाहिलेलेच नव्हते. प्रवेशाच्या वेळी मामा आला होता. आवाजावरून मी उंच, भारदस्त माणूस धरून चालले होते. आले ते चणीनं लहान, बियाण्याच्या कंपनीची टोपी घातलेले, हातात धपाट्यांचा डबा. बोलले तेव्हाच खात्री पटली. लेकीला भेटून झाल्यावर मी त्यांना ऑफिसात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"तुमची अक्का अजून जिवंत कशी?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुमी पुस्तक आनलाव?"

"आणलं आणि वाचलंही. ती कधीच गेली."

"हाव," ते म्हणाले. "गेली की."

"मग हे काय चालवलंय तुम्ही?"

"मॅडम, पोरीनं पहिल्याच दिवशी इचारलं होतं. पप्पा, ह्याच्यात कुनी मरतंय का? मी म्हनलो, न्हाई."

"पुस्तक न वाचताच शब्द दिलात?"

"अर्धं वाचलो होतो की. उदगीरला कॉलेजात असताना. मग परीक्षा आली, लायब्ररीत परत केलो." मग म्हणाले, "अर्ध्यापतुर समदे धडधाकट होते."

मला हसू आलं. त्यांनाही आलं. मग मी मुद्द्यावर आले. म्हटलं, "उद्या तिच्या हातात हे पुस्तक पडलं म्हणजे?"

"त्याचंच भ्या हाय," ते म्हणाले. "वाचता न येनारं लेकरू असतं तर जनमभर सांगत बसलो असतो काय बी. हिला येतंय. हिला समदं येतंय."

"मग तुम्हीच सांगून टाका. आजच सांगा. बाहेर बसलीय ती."

"आज नगं. धपाटे खाऊन ऱ्हाईली ती." मग एकदम कामाचं बोलावं तसं बोलायला लागले. त्यांचा बेत असा होता की गोष्ट वळवत वळवत पुस्तकाच्या शेवटाला नेऊन जोडायची, पुस्तक संपवायचं आणि मग सांगायचं. पण ते जमत नव्हतं. "अक्का जित्ती हाय म्हनल्यावर धाकटा घर सोडंना, मॅडम. लई परयत्न केलो. त्याला कामून काढू घराबाहेर? चांगलं दोन टायमाला खायला मिळतंय, बहीन जीव लावती. मी असतो तर मी बी गेलो नसतो."

दिवाळीच्या सुटीत नक्की सांगतो, असं कबूल करून ते गेले. जाताना त्यांनी माझ्याकडचं पुस्तक मुलींच्या नजरेला पडणार नाही ना, हे दोनदा विचारलं. मी ते कुलपात ठेवलं होतं.

सुटीत त्यांनी सांगितलं नाही. घरी वाचलंही नाही. रब्बीच्या पेरणीचं निमित्त करून पुस्तक दुकानातच ठेवलं. मी फोनवर विचारलं तर म्हणाले, "सनासुदीचं कशाला मॅडम. घरात आदीच एक मानूस कमी."

मी "बरं" म्हटलं.

ऋतुजाच्या खोलीत निकिता नावाची नांदेडची मुलगी होती. हुशार आणि उतावळी. तिला पुढं काय होतं ते कळायला हवं होतं, आणि रोज पंधरा मिनिटांनी तिचं भागत नव्हतं. दिवाळीत तिनं भावाकडून ते पुस्तक मागवलं आणि येताना घेऊन आली. कुणाला इजा करावी असं तिच्या मनात नव्हतं. पहिल्याच दिवशी खोलीत तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "अगं, तुझे पप्पा काहीतरी भलतंच वाचतात. अक्का तर मरते."

हे मला नंतर कळलं. मला दिसली ती त्या दिवशीची संध्याकाळ. मुली नेहमीसारख्या बाकाभोवती जमल्या होत्या. फोन वाजला.

"टेकलीस का?"

"पप्पा, अक्का कधी मेली?"

पलीकडे डबी उघडल्याचा आवाज झाला. कुणीतरी गिऱ्हाईक युरियाचा भाव विचारत होतं.

"पप्पा, मी विचारलं होतं ना तुम्हाला?"

"हाव माय."

"तुम्ही न्हाई म्हणला होता."

"हाव. मला तवा म्हाईत नव्हतं, माय. म्हाईत झाल्यावर मग..."

"आईच्या वेळीबी तुम्ही असंच केला," ती म्हणाली. ती ओरडली नाही. वर्गात उत्तर सांगावं तशी बोलली. "सोमवारी घरी आणतो म्हणला होता. तुम्हाला तर डॉक्टरांनी सांगितलं होतं."

मी उठून बाकीच्या मुलींना आत पाठवलं. निकिता रडत होती, तिला धरून नेलं. परत आले तेव्हा ऋतुजा म्हणत होती, "आता माझं मी वाचते. निकिताकडं आहे पुस्तक." आणि तिनं पंधरा मिनिटं व्हायच्या आत मोबाइल आणून माझ्या टेबलावर ठेवला.

ते पुस्तक तिनं चार-पाच दिवसांत वाचून संपवलं. वाचायला तिला वेळ लागत नसे. मी विचारलं, कसं वाटलं? "चांगलं आहे," म्हणाली. "शेवटी तो परत येतो, पण उशीर झालेला असतो, घर कोसळून गेलेलं असतं."

फोन रोज येत राहिला. पहिले काही दिवस ते अवघडून विचारायचे, "वाचू का थोडं?" ती म्हणायची, "नको, टेस्ट आहे." मग त्यांनी विचारायचं सोडलं. मग तेही इतर पालकांसारखे बोलायला लागले. जेवलीस का. जेवले. अभ्यास झाला का. झाला. पैसे पाहिजेत का. नको. दोन मिनिटांत संपायचं. मुली आपापल्या बाकांवर परतल्या. औशाच्या त्या आईनं मला फोन करून सांगितलं की पोरगी आता घरच्यांशी चांगलं बोलते.

तुम्ही म्हणाल, मुलं मोठी होतातच, आपलं आपण वाचायला लागतातच. बरोबर आहे. मीही पालकांना तेच सांगते. पण ही मुलगी आधीपासूनच आपलं आपण वाचत होती. तरीही ती रोज बाकावर जाऊन बसायची. ते तिला वाचता येत नव्हतं म्हणून नव्हतं, हे मला कळायला ते बंद व्हावं लागलं.

परीक्षा संपल्यावर ते तिला न्यायला आले. दहावीसाठी तिला नांदेडला मावशीकडे ठेवायचं ठरलं होतं. ट्रंक रिक्षात चढवून झाली. ती रिक्षात बसून समोर बघत होती. माझ्या सही-शिक्क्यासाठी ते ऑफिसात आले, तेव्हा मी विचारलं, "शेवट काय करणार होतात?"

"ठरवलो नव्हतो," ते म्हणाले. "तिच्या तोंडाकडं बगून... म्हंजे फोनवर तोंड कुटं दिसतंय, पन ती कसं ऐकून ऱ्हाईली ते कळायचं. ती जरा पुढं सरकली की मला पुढचं सुचायचं." मग पावती घडी करून खिशात घातली आणि निघाले. रिक्षात बापलेकीच्या मध्ये धपाट्यांचा रिकामा डबा होता.

त्यानंतर त्यांचा मला एकच फोन आला. दोन वर्षं होऊन गेली असतील. बरोबर मुलींच्या फोनच्या वेळेला. मी म्हटलं, ऋतुजा इथं नसते आता.

"हाव, ते म्हाईत हाय. तुमच्याशीच काम होतं. ते धाकट्याचं जमलं बगा, मॅडम."

मला क्षणभर कळेना, कोण धाकटा.

"मी उगीच डोकं खपवून ऱ्हाईलो होतो. त्याला काढायची गरजच न्हाई. अक्काच म्हनती त्याला, जा. मी हाय हितं, तू जा. मानूस मेल्यावरच घर सोडाव लागतंय असं थोडंच हाय. कुनीतरी जित्त्या मानसानं पाठवाव लागतंय." आणि त्यांनी मला अक्का त्याला कशी पाठवते ते सगळं सांगितलं. पहाटेची वेळ, सामानाचं गाठोडं, धाकट्याचं कुरकुरणं. चांगलं सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, हे मला कशाला सांगताय, लेकीला सांगा.

"तिला टाइम कुटं," ते म्हणाले. "बारावी हाय तिची. होऊ द्या परीक्षा."

परीक्षा झाली. तिला प्रवेशही मिळाला, दूरच्या कॉलेजात. गेल्या खरिपात, दुकान बियाण्याच्या गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना, ते बसल्या जागी गेले. मला जळकोटच्या दुसऱ्या एका पालकाकडून कळलं.

दिवाळीनंतर ऋतुजा मला भेटायला आली. उंच झाली आहे, आईवर गेली असावी. चहा घेतला, कॉलेजचं सांगितलं. मग म्हणाली, "मॅडम, मामा म्हणत होते, पप्पांनी तुम्हाला पुढचं सांगितलं होतं."

मी सांगितलं. जमेल तसं, माझ्या भाषेत. अक्का म्हणते, मी आहे इथं, तू जा. तो गाठोडं उचलतो, पहाटे एकटाच होडी ढकलतो आणि जातो.

"एकटा?" ती म्हणाली. "एकटा नाही जाणार तो."

"असंच सांगितलं होतं त्यांनी."

"नाही मॅडम. पुस्तकातला गेला असता. पप्पांचा धाकटा पाण्याला भिणारा होता. तलाठ्याच्या वेळी नाही का, गुडघाभर पाण्यात उतरायचा नाही तो. अक्का त्याला होडीपर्यंत सोडायला गेली असणार."

"मला तरी तसं आठवत नाही."

"तुम्ही विसरला असाल. पप्पा ते सोडणार नाहीत."

विसरले असेन. फोनवर ऐकलेली गोष्ट, मध्ये एवढे दिवस गेलेले. मी पुन्हा आठवून पाहिलं. गाठोडं आठवत होतं, पहाट आठवत होती, अक्का दारातच थांबली की खाली पाण्यापर्यंत गेली ते काही केल्या आठवेना. कुलपातलं पुस्तक मी बाहेर काढलं, ते नुसतंच आमच्या दोघींच्या मध्ये टेबलावर पडून राहिलं. त्यात हे कुठंच नव्हतं.